खेळण्याचे छायाचित्र आणि इतिहासाचे प्रमाण : कॉटिंग्ली प्रकरणाचा पुनर्विचार

१

इतिहासाच्या साधनांमध्ये छायाचित्राचा समावेश होऊन दीड शतकाहून अधिक काळ लोटला आहे. इ. स. १८३९ मध्ये पॅरिस येथे दागेरची पद्धती जाहीर झाली आणि तेव्हापासून या साधनाविषयी एक समजूत हळूहळू दृढ होत गेली. बखरकार पक्षपाती असू शकतो, पत्रलेखक सोयीचे तेवढे लिहू शकतो, प्रवासी ऐकलेले पाहिले म्हणून सांगू शकतो. भिंगाला मात्र पक्ष नाही, हेतू नाही, विस्मृतीही नाही. त्याच्यासमोर जे असेल तेच ते टिपते, अशी ही समजूत होय. ती सर्वस्वी चुकीची असती, तर तिच्यापासून फारसा धोका नव्हता. ती बव्हंशी खरी आहे, म्हणूनच ती फसवी ठरते. भिंग समोरची वस्तू टिपते हे खरे. परंतु समोरची वस्तू काय होती, हे सांगण्याचे सामर्थ्य भिंगाच्या ठिकाणी नसते. ते काम चित्राखालील मजकूर करतो, आणि तो मजकूर माणसाने लिहिलेला असतो.

ही अडचण छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. दागेरचा समकालीन व प्रतिस्पर्धी इपोलित बायार याने १८४० मध्ये स्वतःचे एक छायाचित्र घेतले आणि आपल्या शोधाची उपेक्षा झाल्यामुळे बुडून मरण पावलेल्या माणसाचे हे प्रेत आहे, असा मजकूर त्यास जोडला. चित्र खरे होते, चित्रातील देह बायारचाच होता, आणि तरीही चित्राचे कथन खोटे होते. बायारचा हा विनोद त्याच्या काळात विनोद म्हणूनच घेतला गेला. विनोदाचा पुरावा कसा बनतो, हे पाहावयाचे असेल तर विसाव्या शतकातील एका प्रकरणाकडे वळले पाहिजे.

इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातील कॉटिंग्ली या गावी १९१७ ते १९२० या काळात दोन मुलींनी पऱ्यांची म्हणून पाच छायाचित्रे घेतली. ती कागदातून कापलेल्या आकृत्यांची चित्रे होती. कागद, रंग, टाचण्या आणि वडिलांचा कॅमेरा एवढ्या सामग्रीवर उभारलेला तो एक खेळ होता. या खेळास खेळ म्हणून ओळखण्यास सुशिक्षित जगाला साठाहून अधिक वर्षे लागली. ती का लागली, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

२

प्रकरणाचा आरंभ अगदी घरगुती आहे. महायुद्धाच्या काळात, १९१७ साली, नऊ वर्षांची फ्रान्सेस ग्रिफिथ्स आपल्या आईबरोबर दक्षिण आफ्रिकेहून इंग्लंडला आली आणि मावशीच्या घरी कॉटिंग्ली येथे राहू लागली. मावसबहीण एल्सी राइट ही तिच्याहून मोठी, सोळा वर्षांची होती. घरामागील बागेच्या टोकाशी एक ओढा वाहत होता. दोघी तेथे खेळत, पाण्यात उतरत आणि भिजून घरी येत. वडीलधाऱ्यांनी रागावून विचारले की, पऱ्या पाहावयास जातो, असे उत्तर मिळे. हे उत्तर घरात हसण्यावारी जाई. तेव्हा आपल्या बोलण्यास आधार म्हणून चित्रच आणून दाखवावे, असे मुलींनी ठरविले.

एल्सीचे वडील आर्थर राइट हे विजेच्या कामातील जाणकार होते व छायाचित्रणाचा त्यांना छंद होता. घरातच काचा धुण्यासाठी त्यांनी काळोखी खोली केली होती. त्यांचा 'मिज' जातीचा, काचेच्या पट्ट्यांवर चित्र घेणारा पेटीवजा कॅमेरा मुलींनी जुलै १९१७ मध्ये मागून घेतला. पहिल्याच काचेवर झुडपामागे हनुवटीला हात लावून बसलेली फ्रान्सेस आणि तिच्यापुढे नाचणाऱ्या चार पऱ्या उमटल्या. सप्टेंबरमध्ये दुसरे चित्र निघाले. त्यात गवतावर बसलेली एल्सी एका पंख असलेल्या बुटक्याकडे हात पुढे करीत आहे. आर्थर राइट यांना आपल्या मुलीचा चित्रकलेतील हात माहीत होता. ही कागदी करामत आहे असे त्यांनी तत्काळ म्हटले आणि पुन्हा कॅमेरा देण्याचे नाकारले. मुलींच्या खोलीत व ओढ्याकाठी कागदाचे कपटे मिळतात का, हेही शोधून झाले. काही मिळाले नाही, कारण काम झाल्यावर आकृत्या ओढ्यात सोडून दिल्या गेल्या होत्या.

प्रकरणाच्या या पहिल्या टप्प्यातील एक कागद इतिहासदृष्ट्या मोलाचा आहे. नोव्हेंबर १९१८ मध्ये फ्रान्सेसने दक्षिण आफ्रिकेतील आपल्या मैत्रिणीस एक पत्र पाठविले व सोबत पऱ्यांचे छायाचित्र जोडले. पत्रात बाहुलीची खुशाली आहे, तिच्यासाठी शिवलेल्या नव्या कपड्यांचा उल्लेख आहे आणि त्याच ओघात पऱ्यांचाही उल्लेख आहे. हे पत्र १९२२ मध्ये केपटाउनच्या वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यातील सहजतेचा उपयोग पऱ्यांच्या सत्यतेचे प्रमाण म्हणून करण्यात आला. मुलगी इतक्या साधेपणाने लिहिते, त्या अर्थी ती खरेच सांगत असली पाहिजे, असा हा युक्तिवाद होता. वस्तुतः पत्राचा क्रमच निराळे सांगत होता. बाहुली आणि परी या त्या मुलीच्या लेखी एकाच पेटाऱ्यातील वस्तू होत्या. पत्र खरे होते. त्याचे वाचन चुकीचे झाले.

३

चित्रे घरातच राहिली असती, तर त्यांचा इतिहास येथेच संपला असता. परंतु १९१९ मध्ये एल्सीची आई पॉली राइट ब्रॅडफर्ड येथे थिऑसॉफिकल सोसायटीच्या एका सभेस गेली. व्याख्यानाचा विषय पऱ्यांचे जीवन असाच होता. व्याख्यानानंतर तिने आपल्या घरातील चित्रांचा उल्लेख केला आणि काही महिन्यांतच ती सोसायटीच्या हॅरोगेट येथील परिषदेत मांडली गेली. तेथून ती सोसायटीचे लंडनमधील एक प्रमुख सभासद एडवर्ड गार्डनर यांच्या हाती आली.

महाराष्ट्रातील वाचकांस थिऑसॉफिकल सोसायटीचे नाव नवीन नाही. तिचे मुख्य ठाणे १८८२ पासून मद्रासजवळ अड्यार येथे होते आणि १९०७ पासून तिचे अध्यक्षपद ॲनी बेझंट यांच्याकडे होते. मनुष्यजात उत्क्रांतीच्या पुढील पायरीवर चढत आहे आणि सूक्ष्म सृष्टीतील सत्त्वे अधिकाधिक माणसांना दिसू लागतील, अशी तिच्या अनुयायांची धारणा होती. या धारणेच्या चौकटीत कॉटिंग्लीच्या चित्रांना आधीपासूनच जागा तयार होती. पुरावा मिळण्यापूर्वी त्याची प्रतीक्षा चालू असली म्हणजे पुराव्याची परीक्षा कशी सैल होते, याचे हे उदाहरण आहे.

गार्डनर यांच्याकडून वार्ता शेरलॉक होम्सचे निर्माते सर आर्थर कॉनन डॉइल यांच्यापर्यंत पोहोचली. डॉइल त्या वेळी 'स्ट्रँड' मासिकाच्या नाताळ अंकासाठी पऱ्यांविषयीच लेख लिहीत होते. पुढील हालचाल त्वरेने झाली. जुलै १९२० मध्ये गार्डनर कॉटिंग्लीस गेले. मुलींसाठी दोन कॅमेरे व गुप्त खुणा केलेल्या चोवीस काचा त्यांनी दिल्या. ऑगस्टमध्ये आणखी तीन चित्रे तयार झाली. इतर कोणी पाहत असेल तर पऱ्या येत नाहीत, असे मुलींचे म्हणणे असल्याने चित्रे घेताना तिसरे माणूस हजर नव्हते. डिसेंबर १९२० चा 'स्ट्रँड'चा अंक अल्पावधीत संपला. मुलींची खरी नावे लेखात दिली नव्हती. मार्च १९२१ मध्ये दुसरा लेख व १९२२ मध्ये 'द कमिंग ऑफ द फेअरीज' हे डॉइल यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. ज्या चित्रांचा प्रेक्षकवर्ग एका स्वयंपाकघरापुरता होता, ती पाच वर्षांत जगभर चर्चेचा विषय झाली.

४

या चित्रांची परीक्षा झालीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. परीक्षा झाली, आणि ती कोणत्या दिशेने झाली हेच या प्रकरणातील मर्म आहे. गार्डनर यांनी मूळ काचा हॅरोल्ड स्नेलिंग या तज्ज्ञास दाखविल्या. काचेवर एकदाच प्रकाश पडला आहे, चित्र उघड्या हवेत घेतले आहे आणि कागदी वा पुठ्ठ्याच्या आकृत्या वापरून स्टुडिओत केलेल्या कामाची खूण दिसत नाही, असा त्याचा अभिप्राय पडला. यातील पहिली दोन विधाने खरी होती. तिसऱ्या विधानात 'स्टुडिओ' हा शब्द नकळत निर्णायक ठरला. कागदी आकृती म्हणजे स्टुडिओतील बनाव, असे समीकरण तज्ज्ञाच्या मनात पक्के होते. ओढ्याकाठच्या गवतात रोवलेली कागदी आकृती या समीकरणात बसत नव्हती.

कोडॅक कंपनीच्या जाणकारांनीही काचांत फेरफार आढळत नसल्याचे मान्य केले. परंतु एवढ्यावरून चित्रे पऱ्यांची ठरत नाहीत असे म्हणून प्रमाणपत्र देण्यास नकार दिला. इलफर्ड कंपनीने बनावाची काही चिन्हे दिसतात असे कळविले. गार्डनर व डॉइल यांनी या तीन अभिप्रायांची बेरीज दोन अनुकूल व एक प्रतिकूल अशी केली. कोडॅकचा अभिप्राय अनुकूलांत धरण्यास कोणतेही कारण नव्हते. काच निर्दोष असणे आणि चित्रातील वस्तू खरी असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे कंपनीने स्पष्टच सुचविले होते.

लांग्लुआ व सेन्योबो यांनी १८९८ च्या आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथात ऐतिहासिक साधनाच्या परीक्षणाचे बाह्य व आंतर असे दोन भाग केले, ते येथे उपयोगी पडतात. कागद, शाई, अक्षर, मोहोर यांवरून दस्तऐवज अस्सल आहे की नाही, हे बाह्य परीक्षण ठरविते. अस्सल दस्तऐवजातील मजकूर विश्वसनीय आहे की नाही, हे आंतर परीक्षण ठरविते. अस्सल मोहोरेच्या पत्रातही असत्य लिहिलेले असू शकते, ही गोष्ट दप्तरांत वावरणाऱ्या प्रत्येक संशोधकास ठाऊक असते. कॉटिंग्लीच्या काचांचे बाह्य परीक्षण कसून झाले. गुप्त खुणा केलेल्या काचा देण्यामागेही काच बदलली जाऊ नये, हाच हेतू होता. आंतर परीक्षण मात्र जवळजवळ झालेच नाही. छायाचित्राच्या बाबतीत बाह्य परीक्षण पुरेसे आहे, त्यात दुसऱ्या परीक्षणास वावच नाही, असे गृहीत धरले गेले. पूर्वी भुताखेतांची म्हणून जी छायाचित्रे विकली जात, ती एका काचेवर दोनदा प्रकाश पाडून केलेली असत. त्या लबाडीचा बंदोबस्त करण्याच्या भरात निराळ्या प्रकारच्या करामतीकडे दुर्लक्ष झाले.

आंतर परीक्षणास आवश्यक असलेली सामग्री चित्रांत नव्हती असेही नाही. पहिल्या चित्रात फ्रान्सेसच्या मागील धबधब्याचे पाणी अस्पष्ट झाले आहे. म्हणजे झडप हलत्या वस्तूस थांबवून धरण्याइतकी जलद नव्हती. तरीही नाचणाऱ्या पऱ्यांचे पंख रेखीव राहिले. पऱ्यांची केशरचना तत्कालीन फॅशनला धरून असल्याचे अनेकांच्या ध्यानात आले होते. बुटक्याच्या पोटावर दिसणारा बिंदू हा टाचणीचा अग्रभाग होता. डॉइल यांना त्यात बेंबी दिसली आणि त्यावरून या सृष्टीतही जन्म मनुष्यासारखाच होत असावा, असा तर्क त्यांनी केला. एकच बिंदू आहे. खेळण्याच्या दृष्टीने पाहणाऱ्यास तो टाचणी दिसतो, साक्षात्काराच्या दृष्टीने पाहणाऱ्यास तो शरीराचा अवयव दिसतो.

याशिवाय आणखी एका गोष्टीची नोंद घेतली पाहिजे. मूळ पहिली काच फिकी होती. व्याख्यानांतून दाखविण्यासाठी व छापण्यासाठी गार्डनर यांनी स्नेलिंगकडून तिची अधिक स्पष्ट प्रत तयार करविली. जगाने जे पाहिले ते बहुतांशी या सुधारलेल्या प्रतीवरून काढलेले चित्र होते. मूळ पोथी व नंतर शुद्ध करून लिहिलेली प्रत यांतील भेद ज्यांस कळतो, त्यांस या गोष्टीचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

५

मग विश्वास का बसला? तांत्रिक कारणे पुरेशी नाहीत. सामाजिक कारणे पाहिली पाहिजेत.

पहिले कारण काळाचे आहे. महायुद्धात इंग्लंडमधील असंख्य घरांतील तरुण गेले होते. डॉइल यांचा पुत्र किंग्झली युद्धात जखमी झाला होता व ऑक्टोबर १९१८ मध्ये तो मृत्यू पावला. डॉइल यांचा परलोकविद्येकडील ओढा त्यापूर्वीचा आहे, हे खरे. तथापि दृश्य सृष्टीपलीकडे काही आहे याचे एखादे प्रमाण मिळावे, ही तळमळ त्या काळात एकट्या डॉइल यांची नव्हती. पऱ्या सिद्ध झाल्या, तर अदृश्याचा दरवाजा किलकिला होईल आणि परलोकाविषयीच्या दाव्यांकडे लोक अधिक आदराने पाहतील, अशी त्यांची आशा होती. चित्रांवर जो भार टाकला गेला, तो पऱ्यांचा नव्हता, मृतांचा होता. डॉइल यांचे वडील चार्ल्स व चुलते रिचर्ड हे दोघेही पऱ्यांची चित्रे काढणारे चित्रकार होते, हेही विसरता येत नाही.

दुसरे कारण वर्गाचे व वयाचे आहे, आणि ते अधिक बोचरे आहे. कारागीर वर्गातील खेड्यातल्या मुलींना असा बनाव सुचणार नाही व साधणारही नाही, असे गार्डनर व डॉइल यांस मनोमन वाटत होते. वास्तविक एल्सी ब्रॅडफर्डच्या कलाशाळेत शिकली होती आणि काही काळ तिने छायाचित्रांच्या व्यवसायात कामही केले होते. ही माहिती गुप्त नव्हती. परंतु तिच्या निष्पापपणाविषयीची समजूत इतकी दृढ होती की, तिच्या कौशल्याविषयीच्या माहितीचे वजन पडले नाही. मुलींच्या प्रामाणिकपणाची जी स्तुती या लेखनात आढळते, तिच्या पोटात त्यांच्या बुद्धीचा अवमान दडलेला आहे. वडील आर्थर राइट यांस आपल्या मुलीच्या अंगचे गुण माहीत असल्याने ते फसले नाहीत. उलट एवढा थोर लेखक आपल्या मुलीकडून फसला, हे पाहून त्यांच्या मनातील डॉइल यांच्याविषयीचा आदर उणावला.

अविश्वास दाखविणारेही थोडे नव्हते. क्ष-किरणविद्येतील अग्रणी डॉ. जॉन हॉल-एडवर्ड्स यांनी चित्रांवर जाहीर टीका केली. परलोकविद्येचे अभ्यासक असूनही भौतिकशास्त्रज्ञ सर ऑलिव्हर लॉज यांनी ती बनावट मानली. परंतु पऱ्यांच्या वेषातील नर्तकींचा त्यात उपयोग केला असावा, असा त्यांचा अंदाज होता. अंदाज चुकला, निष्कर्ष बरोबर होता. विश्वास ठेवणारे व न ठेवणारे या दोघांनाही एक गोष्ट समान होती : करामत असलीच तर ती मोठी, प्रौढांची व खर्चाची असणार, असे दोघांनीही धरले. सोळा वर्षांच्या मुलीची कात्री कोणाच्याच हिशेबात नव्हती.

६

पऱ्यांच्या आकृत्या कोठून आल्या, हा प्रश्न १९७० नंतरच्या दशकात सुटला. १९१४ साली युद्धनिधीच्या साहाय्यार्थ 'प्रिन्सेस मेरीज गिफ्ट बुक' हा मुलांसाठी संग्रह निघाला होता. त्यात क्लॉड शेपर्सन याने एका कवितेसाठी काढलेल्या नाचणाऱ्या मुलींच्या चित्रांचे कॉटिंग्लीच्या पहिल्या चित्रातील पऱ्यांशी असलेले साम्य फ्रेड गेटिंग्ज या अभ्यासकाच्या लक्षात आले. एल्सीने या आकृत्या पाहून काढल्या, त्यांना पंख जोडले, जाड कागदावर त्या कापल्या आणि टोपीला लावण्याच्या लांब टाचण्यांनी त्या गवतात व फांद्यांवर उभ्या केल्या. याच संग्रहात डॉइल यांचीही एक कथा होती. ज्या ग्रंथाच्या अनुक्रमणिकेत त्यांचे नाव होते, त्याच ग्रंथाच्या पानांवर त्यांच्या पऱ्यांचे मूळ होते.

१९७८ मध्ये जेम्स रँडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाच्या साहाय्याने चित्रे तपासली आणि पऱ्यांना आधार देणारे दोरे दिसतात असे सांगितले. दोरे नव्हतेच, टाचण्या होत्या. येथेही निष्कर्ष बरोबर आणि पुरावा काल्पनिक, असा प्रकार घडला. १९८२–८३ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी'चे संपादक जेफ्री क्रॉली यांनी कॅमेरे, काचा व प्रती यांचा कसून अभ्यास करून आपल्या नियतकालिकात लेखमाला लिहिली. वर सांगितलेल्या सुधारित प्रतीचे महत्त्व तिच्यामुळे पुढे आले. १९८३ मध्ये दोघींची कबुलीही प्रसिद्ध झाली. तोपर्यंत एल्सी ऐंशी वर्षे ओलांडून गेली होती आणि फ्रान्सेस पंचाहत्तरीला आली होती.

एवढी वर्षे मौन का, याचे त्यांनी दिलेले उत्तर साधे होते. डॉइल यांच्यासारखा प्रसिद्ध पुरुष आपल्यामुळे फसला, हे सांगण्याचा संकोच वाटला; ते हयात असेतो तरी बोलू नये असे ठरले, आणि पुढे बोलणे अधिकच अवघड होत गेले. आपण कोणाला फसविण्यासाठी हे केले नाही, लोकांनाच फसावयाचे होते, असेही फ्रान्सेसने म्हटले. तिच्या या म्हणण्यात स्वसमर्थन असले तरी तथ्यही आहे. पहिली दोन चित्रे खेळ होती. १९२० ची तीन चित्रे मात्र खेळ राहिली नव्हती. पाहुण्यांनी दिलेले कॅमेरे, मोजून दिलेल्या काचा आणि प्रौढांची अपेक्षा यांच्या दडपणाखाली ती घेतली गेली. लहान मुलीच्या खेळाचे रूपांतर कर्तव्यात कधी झाले, याचा काळ अशा प्रकारे निश्चित करता येतो.

कबुलीमुळे सर्व प्रश्न मिटले असेही नाही. पाचवे चित्र खरे आहे, असे फ्रान्सेस अखेरपर्यंत म्हणत राहिली. एल्सीच्या मते पाचही चित्रे बनविलेली होती. हे पाचवे चित्र म्हणजे गवतातील कागदी आकृत्यांवर चुकून दोनदा प्रकाश पडल्याचा परिणाम असावा, असे क्रॉली यांचे मत पडले. हे मत ग्राह्य धरले, तर फ्रान्सेसच्या आग्रहासही अर्थ प्राप्त होतो. कारण जे आपण रचले नाही, ते तिला चित्रात दिसत होते. दोन प्रत्यक्ष साक्षीदारांच्या कबुलीजबाबांत विरोध असेल, तर कबुलीचेही परीक्षण करावे लागते. कॉटिंग्लीच्या बाबतीत अंतिम निर्णय कबुलीवर उभा नाही. तो १९१४ च्या छापील चित्राशी असलेल्या साम्यावर व काचांच्या अभ्यासावर उभा आहे. कबुलीने त्यास दुजोरा दिला, इतकेच.

७

हे उदाहरण एकटे असते, तर त्यावरून सामान्य सिद्धांत काढणे धोक्याचे झाले असते. परंतु त्याच्या जोडीला दुसरे उदाहरण आहे. २१ एप्रिल १९३४ रोजी लंडनच्या 'डेली मेल'मध्ये स्कॉटलंडमधील लॉक नेस सरोवरातील कथित प्राण्याचे छायाचित्र झळकले. ते रॉबर्ट केनेथ विल्सन या डॉक्टरच्या नावे आल्यामुळे 'सर्जनचे छायाचित्र' म्हणून प्रसिद्धी पावले. पाण्यावर लांब मान व लहान डोके दाखविणारे हे चित्र सुमारे साठ वर्षे त्या प्राण्याचे सर्वोत्तम प्रमाण गणले गेले.

त्याचा उगम एका रागात होता. मार्माड्यूक वेदरेल या गृहस्थास १९३३ च्या अखेरीस त्याच वृत्तपत्राने प्राण्याच्या शोधार्थ पाठविले होते. त्याने काठावर शोधलेली पावले एका वाळविलेल्या पाणघोड्याच्या पायाने उमटविलेली ठरली आणि त्याचे हसे झाले. तेव्हा सूड म्हणून त्याने आपला सावत्र मुलगा क्रिश्चन स्परलिंग याच्याकडून, दुकानात मिळणाऱ्या खेळण्यातील पाणबुडीवर लाकडी लगद्याची मान व डोके बसवून घेतले. या प्रतिष्ठेच्या व्यवसायातील माणसाच्या हातून चित्र पुढे करणे, हा डावाचा उत्तरार्ध होता. वेदरेलच्या मुलाने १९७५ मध्ये व स्परलिंगने नव्वदाव्या वर्षी, १९९३ मध्ये, ही हकीकत सांगितली.

दोन्ही प्रकरणांतील साम्य उघड आहे. येथेही काच निर्दोष होती. येथेही प्रसिद्ध झालेले चित्र मूळ नव्हते; कडा कापून मधला भाग मोठा केलेला होता. संपूर्ण चित्रात भोवतालच्या लाटा व दूरचा काठ दिसतो आणि वस्तू किती लहान आहे याची कल्पना येते. कापलेल्या चित्रात मापाचे हे साधनच नाहीसे झाले. येथेही चित्राचे वजन ते आणणाऱ्याच्या प्रतिष्ठेवरून ठरले. भेद एवढाच की, कॉटिंग्लीत निष्पाप बालिकांवर विश्वास बसला आणि लॉक नेस येथे प्रतिष्ठित डॉक्टरवर. पहिल्या प्रकरणात फसविण्याची अक्कल नाही म्हणून, दुसऱ्यात फसविण्याचे कारण नाही म्हणून.

८

खेळण्याचे छायाचित्र स्वभावतःच अप्रामाणिक असते, असा निष्कर्ष मात्र यातून काढता येणार नाही. कॉटिंग्लीच्या मुली ओढ्याकाठी चित्रे घेत होत्या त्याच दशकात महाराष्ट्रात दादासाहेब फाळके हेही निर्जीव वस्तू कॅमेऱ्यापुढे मांडून त्यांत चैतन्य आणण्याचे प्रयोग करीत होते. १९१२ मध्ये त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने टिपून एक छोटा चित्रपट सिद्ध केला. पुढे, १९१५ च्या सुमारास, 'आगकाड्यांची मौज' या चित्रपटात काड्या हलताना, जुळताना दिसल्या. काडी थोडी सरकवावयाची, एक चित्र घ्यावयाचे, पुन्हा सरकवावयाची, अशी ही रीत होती. कागदी परीहून या काड्या कमी मायावी नव्हत्या. परंतु मौज हा शब्द शीर्षकातच होता. प्रेक्षक चकित झाला, फसला नाही. कारण जे पाहावयाचे ते कौतुक आहे, साक्ष नव्हे, हा करार आरंभीच झालेला होता.

यावरून असे दिसते की, खेळ व फसवणूक यांतील सीमा वस्तूत नसते, तंत्रातही नसते; ती वस्तू ज्या नावाने पुढे केली जाते त्या नावात असते. कॉटिंग्लीच्या आकृत्यांचे हे नाव मुलींच्या हातून निसटले आणि प्रौढांच्या हाती गेले. घरात जी गंमत होती, तीच सभागृहात साक्ष झाली. मधल्या प्रवासात काच तीच राहिली, मजकूर बदलला.

९

इतिहासाच्या अभ्यासकास यातून तीन गोष्टी हाती लागतात. पहिली ही की, छायाचित्राच्या अस्सलपणाचा निर्णय हा त्याच्या परीक्षणाचा आरंभ आहे, शेवट नव्हे. काच खरी ठरल्यावर, समोर काय होते, ते कोणी मांडले, कडेला काय कापले गेले, मजकूर केव्हा व कोणी जोडला, हे प्रश्न उरतातच. दुसरी ही की, साधन ज्या हातांनी निर्माण झाले त्या हातांच्या कुवतीविषयी पूर्वग्रह ठेवून चालत नाही. मुले, स्त्रिया, कारागीर यांच्या भोळेपणावर उभारलेला कोणताही युक्तिवाद प्रथम तपासून पाहिला पाहिजे. तो बहुधा अभ्यासकाच्याच भोळेपणाचा निदर्शक असतो. तिसरी ही की, योग्य निष्कर्षास अयोग्य मार्गाने पोहोचणे हेही संशोधनातील अपयशच होय. लॉज यांच्या नर्तकी व रँडी यांचे दोरे पऱ्यांइतकेच अस्तित्वहीन होते.

आज संगणकाच्या साहाय्याने, भिंगासमोर कोणतीही वस्तू नसताना चित्रे निर्माण होतात आणि छायाचित्राविषयीचा जुना विश्वास मावळत चालला आहे. सरसकट अविश्वासानेही काम भागणार नाही. तो विश्वासाइतकाच आळशी असतो. कॉटिंग्लीचे कोडे सुटले ते चित्रे नाकारल्यामुळे नव्हे, तर कोणी तरी जुने मुलांचे पुस्तक उघडून पाहिले आणि कोणी तरी कॅमेरा, काच व प्रत यांचा क्रम लावला म्हणून.

या प्रकरणातील कॅमेरे व इतर साहित्य ब्रॅडफर्ड येथील राष्ट्रीय विज्ञान व माध्यम संग्रहालयाने जतन केले आहे. फ्रान्सेस १९८६ मध्ये व एल्सी १९८८ मध्ये मरण पावली. ओढ्यात सोडलेल्या कागदी पऱ्या अर्थातच कोणत्याही संग्रहालयात नाहीत. त्यांचे जे काही उरले ते काचेवर उरले. भिजलेल्या पायांनी घरी आलेल्या दोन मुलींनी आपला शब्द राखण्यासाठी एका दुपारी केलेला तो खेळ होता. त्यास खेळ म्हणणे, हे त्यांस क्षुल्लक लेखणे नव्हे; विद्वानांनी साठ वर्षे जे नाव त्यास नाकारले, ते त्यास परत देणे होय.